सातबाऱ्यावर नसलेली शिलावर्तुळं

जुनापाणीला पहिल्यांदा आलेला माणूस फलकापाशी उभा राहून हमखास विचारतो, "पण आहे कुठं?" नागपूरहून काटोल रस्त्याने दहाएक किलोमीटर गेलं की ही जागा लागते. स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांना बुरूज लागतो, कमान लागते, निदान एखादा कळस तरी. इथे आहे ते मोकळं रान, बोरी-बाभळी आणि गुडघ्याएवढे काळे गोटे. माणूस गोट्यांमधून चालत जातो, मध्येच थांबतो, मागे वळून बघतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण एका वर्तुळाच्या आत उभे आहोत. एक ओळखता आलं की दुसरं दिसतं, मग तिसरं, मग सगळं रानच वर्तुळांनी भरलेलं दिसू लागतं. एकट्या जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत.

मी शाळेतल्या मुलांना गेली कित्येक वर्षं तिथे नेतो, आणि शक्यतो पावसाळ्यात नेतो. काही गोट्यांवर अंगठ्याचं पेर मावेल एवढे उथळ खळगे ओळीने कोरलेले आहेत. उन्हाळ्यात ते नजरेतून निसटतात. पाऊस उघडल्यावर त्यात पाणी साचतं आणि ओळ उठून दिसते. गेल्या भाद्रपदात सातवीतल्या एका मुलीने एका खळग्यात बोट बुडवलं, मग पुढच्यात, मग त्याच्या पुढच्यात, आणि गोट्याच्या कडेपर्यंत मोजत गेली. म्हणाली, "सर, हे कोणीतरी मोजून केलंय." त्या पोरीला ठाऊक नव्हतं, पण टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नामागे लागले होते. हे खळगे वर्तुळात नेमक्या कोणत्या दिशांना येतात आणि त्यांचा आकाशाशी काही संबंध असेल का, हे त्यांनी जुनापाणीला मोजून पाहिलं. उत्तर अजून वादात आहे. पण दिशा मोजायची तर गोटा जिथे ठेवला गेला तिथेच असावा लागतो. एकदा तो उचलून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकला की खळगे शिल्लक राहतात, दिशा मात्र कायमची जाते.

या वर्तुळांबद्दल आपल्याकडे जे थोडंफार बोललं जातं ते दोनच सुरांत. एक सूर हळहळीचा: लोकांना कदर नाही, वारसा नष्ट होतोय. दुसरा अभिमानाचा: तीन हजार वर्षांपूर्वी आमचे पूर्वज किती पुढारलेले होते. मला दोन्ही सुरांचा उपयोग वाटेनासा झाला आहे. विदर्भातली शिलावर्तुळं कदर नसल्यामुळे जात नाहीयेत. ती जात आहेत कारण ती ज्या जमिनीवर उभी आहेत तिच्या कागदावर ती नाहीत. पुरातत्त्वाच्या अहवालात आहेत, विद्यापीठाच्या प्रबंधात आहेत, पटवाऱ्याच्या दप्तरात नाहीत. आणि आपल्याकडे जमिनीचं भवितव्य पटवाऱ्याच्या दप्तरात ठरतं.

हे नीट पटायचं तर आधी ही वर्तुळं म्हणजे काय ते सांगायला हवं. हे लोहयुगातल्या माणसांचे दफनविधीचे अवशेष आहेत, इसवी सनापूर्वी साधारण १००० ते ३०० या काळातले. मोठे गोटे गोलाकार मांडायचे, आतली जागा दगडगोट्यांनी आणि मातीने भरून काढायची, आणि त्या भरावात मेलेल्या माणसाची हाडं, सोबत दिलेली मडकी, लोखंडाची हत्यारं, तांब्याच्या वस्तू ठेवायच्या. वरून बघणाऱ्याला गोट्यांचं कडं दिसतं. खरी गोष्ट आतल्या भरावात, कोणत्या थरात काय आणि कशाशेजारी काय ठेवलं होतं त्यात असते.

नागपूरच्या चहूबाजूंनी ही माणसं राहत होती. जुनापाणीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये तीन वर्तुळं उत्खनन करून पाहिली. माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांनी १९७० नंतर उत्खनन केलं. तिथे एका माणसाच्या छातीवर खंजीर ठेवलेला सापडला, पातं लोखंडाचं आणि मूठ तांब्याची. घोड्याचे अवशेष मिळाले, त्याच्या तोंडावर घालायच्या तांब्याच्या पत्र्याच्या अलंकारासकट. माहुरझरी अकीक आणि कार्नेलियनच्या मण्यांचं गाव होतं, आणि पुढे वाकाटकांच्या ताम्रपटामुळेही इतिहासकारांना माहीत झालं. पारशिवनी तालुक्यात पेंचकाठी नैकुंड आहे. तिथे १९७८ ते १९८० च्या उत्खननात देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळायची भट्टी मिळाली, भात्याच्या मातीच्या नळीसकट. दक्षिणेला टाकळघाट-खापा. टाकळघाटला वस्ती आणि खाप्याला वर्तुळं, म्हणजे राहायची जागा एकीकडे आणि पुरायची दुसरीकडे, हे तिथे स्पष्ट झालं.

म्हणजे भट्टी एका गावात, मणी करणारे दुसऱ्या गावात, वस्ती नदीकाठी आणि मृतांची जागा वर माळावर. हा एकच समाज आहे, पंचवीस-तीस मैलांत पसरलेला. यातलं एक वर्तुळ कुंपण घालून वाचवलं आणि बाकीचं गेलं तर त्या कुंपणात गोटे उरतील, समाज उरणार नाही.

"तीनशे आहेत ना, दहा वाचवा की," असं मला एका शिकल्यासवरल्या माणसाने सांगितलं होतं. तो वाईट बुद्धीने बोलत नव्हता, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. काही वर्तुळं प्रशस्त आहेत, काही अगदी लहान. काहींत घोडा आहे, तांबं आहे, सोनंही आहे. काहींत दोन मडकी आणि एखादी छिन्नी. काहींत मिळतं ते जवळजवळ काहीच नाही. कोणाला काय मिळालं आणि कोणाला काही मिळालं नाही, यावरूनच त्या समाजात मान कुणाचा होता, मालमत्ता कुणाकडे होती, हे कळायला लागतं. मोठी दहा ठेवून लहान दोनशे नव्वद घालवली तर आपण फक्त श्रीमंतांचा इतिहास राखला. गावातल्या सर्व घरांची शिरगणती होते, वाड्यांची वेगळी काढून होत नाही.

आता जमिनीकडे येऊ. या वर्तुळांच्या जागा नकाशावर नीट पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी आढळते. वस्ती नदीकाठच्या काळ्या मातीत आहे, वर्तुळं उंचवट्यावर, मुरमाड जमिनीवर. त्या काळच्या लोकांनी पिकाऊ जमीन मृतांना दिली नाही, माळ दिला. त्यानंतर पंचवीसशे वर्षं त्या माळावर कोणी नांगर घातला नाही, कारण तिथे पीक येत नव्हतं. वर्तुळं आजवर राहिली ती आपल्या पुण्याईने नव्हे, त्या जमिनीच्या नापीकपणामुळे राहिली.

आणि आज नेमकी तीच जमीन सगळ्यांना हवी आहे. रस्त्याच्या भरावाला मुरूम लागतो, तो काळ्या मातीत मिळत नाही, माळावर मिळतो. ले-आउट पाडणाऱ्यालाही माळच हवा, कारण काळ्या मातीवरचं घर तडकतं, मुरमावरचं टिकतं, हे नागपुरात लहान पोरालाही ठाऊक आहे. ठिबक आलं, बोअर आली, तशी हलक्या जमिनीवरही बाग लावता येऊ लागली. पंचवीसशे वर्षं ज्या कारणाने वर्तुळं वाचली ते कारणच आपल्या पिढीत संपलं. कदर आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

वीस वर्षांपूर्वी मी एका गावाच्या शिवेवर आठ वर्तुळं पाहिली होती. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन परत गेलो तर तिथे बारा मीटरचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा, आणि कोपऱ्यावर पाटी: मौजा अमुक, खसरा क्रमांक अमुक, प.ह.नं. अमुक, प्लॉट उपलब्ध. गोटे एका बाजूला ढीग करून ठेवले होते. त्यातल्या एकावर खळग्यांची ओळ होती, पण गोटा उलटा पडला होता, ओळ खाली, मातीकडे. मी मुलांना काय सांगावं? त्या ले-आउटवाल्याने कायदा मोडला असं म्हणता येत नव्हतं. त्याच्या सातबाऱ्यावर शेत होतं, आकारणी होती, अकृषक परवानगी होती. गोट्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

कायदा नाही असं नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा आहे, राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित जागेभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध झालं आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण आलं. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुनापाणीसकट नागपूर जिल्ह्यातल्या शिलावर्तुळांच्या बऱ्याच जागा केंद्राच्या यादीत आहेतही. पण यादीत गावाचं नाव येतं. गावाच्या शिवेत कोणत्या खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या कोणत्या गटावर, कोणत्या धुऱ्यापासून कोणत्या नाल्यापर्यंत, हे जमिनीच्या कागदावर उतरलं नाही तर ती यादी दिल्लीत राहते आणि जेसीबी इथे चालतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालासाठी देशातल्या १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी झाली, तेव्हा ९२ सापडलीच नव्हती. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने संसदीय समितीला सांगितलं की ५० स्मारकं अजून बेपत्ता आहेत: १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ चा पत्ताच लागत नाही. स्मारकाचा पत्ता लागत नाही याचा अर्थ ते कुठे होतं हे जमिनीच्या कागदाने कधी सांगितलंच नव्हतं.

याच कायद्यातली एक तरतूद मला फार बोलकी वाटते. संरक्षित क्षेत्रात खोदकामाला बंदी आहे, पण शेतीला सूट आहे, एका अटीवर: एक फुटापेक्षा खोल माती उकरायची नाही. एक फूट! १९५८ साली हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बैलाचा वखर असावा. वखर चार बोटं माती हलवतो आणि पुढे जातो. गोटा आडवा आला तर बैल थांबतो, शेतकरी वखर उचलून पलीकडे नेतो. काटोल-कळमेश्वरचा पट्टा संत्र्याचा आहे. संत्र्याच्या कलमाला दोन-अडीच फुटांचा खड्डा लागतो. तो आता ट्रॅक्टरच्या मागे लावलेल्या बरम्याने मिनिटभरात पडतो, आणि बरम्याला गोटा आणि हाड यातला फरक कळत नाही. वखराच्या काळातला एक फूट बरम्याच्या काळात कसा पुरणार? पण ही अट मुळात किती शेतकऱ्यांना सांगितली गेली आहे? मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही ती माहीत नव्हती.

इथे शेतकऱ्याची बाजू त्याच्याच तोंडून ऐकली पाहिजे. माझ्या ओळखीचे एक काकाजी आहेत. त्यांच्या वावरात एक पूर्ण आणि एक अर्धं वर्तुळ आहे, कोणत्याही यादीत नसलेलं. मी त्यांना म्हटलं, काकाजी, आपण हे कळवू या, नोंद होईल. ते धुऱ्यावर बसले होते. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "सर, तुमी म्हन्ता ते खरं आहे, माह्या आजोबानंबी त्याले कदी हात नाही लावला. पन सरकारले एकदा समजलं का शंभर मीटर गेले न माहे. पोराले घर कुठी बांदू देईन मंग मी?"

या प्रश्नाला 'वारसा अमूल्य असतो' हे उत्तर नाही. एकदा संरक्षित म्हणून घोषित झालं की शंभर मीटरचा नियम ताजमहालाला आणि चार एकरवाल्याच्या वावरातल्या वर्तुळाला एकच आहे. परिणाम असा की ज्याच्या शेतात वर्तुळ आहे त्याला ते लपवण्यात फायदा आहे, आणि लपवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रातोरात गोटे हलवणे. कायदा जितका कडक तितकी ही घाई जास्त. मी हे कायद्याच्या विरोधात म्हणत नाही. शंभर मीटर नसते तर शहरांतली निम्मी स्मारकं आज इमारतींच्या मागे गेली असती. पण ज्याची जमीन आहे त्याला एक पैसा न देता सगळा भार त्याच्याच डोक्यावर ठेवला तर तो भार खाली टाकणार. आपणही टाकला असता.

विदर्भात याला एक चालू दाखला आहे. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर वावरात शिरून हरभरा, तूर फस्त करतात. त्यांना मारायला बंधनं आहेत, म्हणून वन विभाग पंचनामा करून भरपाई देतो. भरपाई कमी मिळते, उशिरा मिळते, त्यावरून रोज भांडणं होतात. तरी तत्त्व मान्य झालं आहे: समाजाला जनावर हवं असेल तर त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याने करायचा नाही. मग समाजाला तीन हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान हवं असेल तर? १९५८ च्या कायद्यात नुकसानभरपाईचं कलम आहे, पण ते उत्खननासाठी जमिनीत शिरल्यावर किंवा अधिकार वापरल्यावर झालेल्या नुकसानीचं. गोटे जागेवर ठेवल्याबद्दल, तेवढी जागा दरसाल पडीक सोडल्याबद्दल शेतकऱ्याला नियमित काही मिळावं, अशी व्यवस्था आपण उभी केलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या ज्ञात शिलावर्तुळांची खसरानिहाय मोजणी भूमी अभिलेख आणि पुरातत्त्व या दोन खात्यांनी मिळून करावी. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात विहीर येते, बँकेचा बोजा येतो, कुळ येतं, वहिवाटीची वाट येते. तिथेच 'पुरातत्त्वीय अवशेष, शिलावर्तुळ, इतकं क्षेत्र' अशी नोंद यावी, संरक्षित म्हणून घोषित असो वा नसो. ती नोंद असली की जमीन घेणाऱ्याला ती दिसते, कर्ज देणाऱ्या बँकेला दिसते, आणि मुख्य म्हणजे मुरमाचा परवाना देणाऱ्या तहसिलीला दिसते. गौण खनिजाचा परवाना देताना आणि जमीन अकृषक करताना हा रकाना बघणं बंधनकारक व्हावं. आणि ज्याच्या सातबाऱ्यावर ही नोंद येईल त्याला तेवढ्या क्षेत्राचा मोबदला दरवर्षी खात्यात मिळावा, मागायला न जाता. घोषित नसलेल्या जागेला सरसकट शंभर मीटर लावण्याऐवजी वर्तुळाभोवती वाजवी पट्टा राखला तरी पुष्कळ काम होईल. काकाजींच्या मुलाने घर बांधावं, वर्तुळाच्या भरावावर बांधू नये, एवढंच.

याला खर्च येईल. पण एका उड्डाणपुलाच्या शेजारी ठेवून पाहिला तर तो दिसणारही नाही, कारण एकेका वर्तुळाने अडवलेली जमीन गुंठ्यांत मोजायची आहे, एकरांत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण तो कोणी उघड बोलत नाही. या वर्तुळांचं कोणीच नाही. गडावर दगड हलला तर हजार तरुण उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. मंदिराची पायरी तुटली तर गाव वर्गणी काढतं. पण ही माणसं कोण होती, कोणती भाषा बोलत होती, त्यांचे वंशज आज कोणत्या जातीत, कोणत्या जमातीत आहेत, हे सांगता येत नाही. गावातले म्हातारे म्हणत, गवळ्यांचं असेल, गवळी राजे होऊन गेले इथे. वर्तुळं मांडणाऱ्यांनी लिहून काही ठेवलं नाही. नाव नाही, राजा नाही, देव ओळखू येत नाही, म्हणून मोर्चा नाही. मला वाटतं, याच कारणाने त्यांची आपल्यावरची जबाबदारी जास्त आहे. ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही त्याच्यासाठी तरी नियम पक्का असायला नको का?

गडांवरून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. २०२५ च्या जुलैमध्ये बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर वेगळा, सिंधुदुर्ग वेगळा असं सुटं सुटं पाहिलं गेलं नाही. डोंगर, किनारा, बेट आणि त्यांना जोडणारा विचार, असं मिळून एक लष्करी भूदृश्य मानलं गेलं. नैकुंडची भट्टी, माहुरझरीचे मणी, टाकळघाटची वस्ती आणि जुनापाणीची वर्तुळं यांनाही हाच न्याय लावायचा आहे. कर्नाटकातलं हिरेबेणकल २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं, तेलंगणातलं मुदुमल २०२५ मध्ये. दोन्ही महापाषाणकालीन, म्हणजे मोठे दगड मांडण्याच्या याच परंपरेतली. आपल्या कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये गेली, त्यामागे रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेने सड्यांवर उन्हातान्हात घातलेली वर्षं आहेत. जमिनीचे मालक सोबत आले म्हणून ते काम झालं. विदर्भानेही त्या यादीत जावं असं मला मनापासून वाटतं. पण आधी युनेस्को आणि मग सातबारा, हा क्रम उलटा आहे. यादीत नाव लागेपर्यंत निम्मी वर्तुळं रस्त्यांच्या भरावात जातील.

इंग्लंडातलं स्टोनहेंज सगळ्यांना माहीत असतं, आणि 'त्यांना कदर आहे बघा' असं सुनावायला ते वापरलं जातं. ते १९१५ साली चक्क लिलावात निघालं होतं. सेसिल चब नावाच्या माणसाने ते ६,६०० पौंडांना घेतलं आणि १९१८ मध्ये देशाला देऊन टाकलं. तोवर तेही कोणाच्या तरी शेतजमिनीचाच भाग होतं. गेली कित्येक वर्षं तिथे भांडण आहे ते दगडांवरून नाही. शेजारून जाणारा रस्ता बोगद्यात घ्यावा का, आणि बोगद्याच्या तोंडांनी आसपासची पुराणभूमी बिघडेल का, यावरून आहे. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने तो बोगदा रद्द केला. भोवतीच्या मातीचं महत्त्व तिथे भांडणातून रुजलं. उपजत कोणालाच नसतं.

नागपुरात स्टीफन हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज आहे. तो मिशनरी होता, भूगर्भाचा अभ्यासक होता, आणि या वर्तुळांकडे अभ्यासकाच्या नजरेने बघणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टाकळघाटजवळची वर्तुळं पाहायला गेला होता. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पलही त्या वेळी तिकडेच होते. परतताना नाल्याला पूर आलेला होता आणि अंधारात हिस्लॉप त्यात बुडाला. त्याच साली नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, सुरू झालं. पुढे १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने जुनापाणीबद्दल लिहिलं आणि गोट्यांवरच्या खळग्यांची तुलना थेट ब्रिटनमधल्या खळग्यांशी केली. म्हणजे या जागांचा अभ्यास सुरू होऊन दीडशे वर्षं उलटून गेली. दीडशे वर्षांत आपण खोदलं, मोजलं, वस्तू काचेच्या कपाटात ठेवल्या, प्रबंध लिहिले. जमिनीच्या उताऱ्यावर एक ओळ लिहायची राहून गेली. अजब बंगल्यात मुलं लोखंडाच्या कुऱ्हाडी बघतात, पात्यावर आडव्या-तिडव्या पट्ट्या आवळून दांड्याला बसवलेल्या, ही विदर्भाची खास पद्धत. त्या कुऱ्हाडी कुठल्या वर्तुळातल्या हे मुलं विचारतात. ज्या वर्तुळाकडे बोट दाखवायचं ते जागेवर राहिलं तरच त्या विचारण्याला अर्थ आहे.

पुढच्या ग्रामसभेत मी आणि माझ्या शाळेतली मुलं एक अर्ज देणार आहोत. सोबत नकाशा असेल. मुलांनी टेप धरून प्रत्येक वर्तुळाचा व्यास घेतला आहे, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपले आहेत, गोट्यांना नंबर दिले आहेत, खडूने, रंगाने नाही. ज्या गोट्यावर खळगे आहेत त्याच्यापुढे वहीत फुली आहे. खसरा क्रमांक पटवाऱ्याकडून लिहून घेतले आहेत. मागणी एकच आहे, या नोंदी गावाच्या दप्तरात घ्या. इतर गावांतल्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे. यासाठी पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. खोदायचं नाही, उचलायचं नाही, मोजायचं आणि लिहायचं.

काकाजींनी यंदा संत्रा लावला. कलमं आणायच्या आधी मला निरोप पाठवला. मी गेलो तर बरम्यावाला आलेला होता आणि अठरा बाय अठराच्या आखणीने वावरभर चुन्याच्या खुणा केलेल्या होत्या. काकाजी पूर्ण वर्तुळाभोवती काठी घेऊन एक फेरी मारून आले आणि आतल्या खुणा पायाने पुसत गेले. बाहेरच्या कडेला लागून असलेल्या दोन खुणांपाशी जरा थांबले, मग त्याही पुसल्या. अकरा झाडं कमी झाली. संत्र्याचं झाड पाचव्या-सहाव्या वर्षी धरतं आणि पुढे पंधरा-वीस वर्षं देतं. त्या अकरा झाडांचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर बोटांवर केला, आणि मग बरम्यावाल्याला म्हणाले, "चाल, तिकडून सुरू कर."

त्या अकरा झाडांचं त्यांना अजून कोणी काही दिलेलं नाही.